आधी गच्ची निववा, मग पॅनेल चढवा

एप्रिलच्या अखेरीस सोलापुरात रात्री आठला वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावून पाहावा. ऊन उतरून तास उलटलेला असतो, बाहेर वारा सुटलेला असतो, आणि छत मात्र तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखे लागते. पाच-सहा इंची स्लॅबमधून उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात. दुपारी तीनला वर पडलेले ऊन रात्री आठला घरात उतरते. नेमकी त्याच वेळी माणसे कामावरून परतलेली असतात, सगळे पंखे पाचवर असतात, एसी सुरू होतो. आणि गच्चीवरचे सोलर पॅनेल तेव्हा एक युनिटही देत नाही.

वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच आपल्या छतावर तयार करणारे घर म्हणजे नेट झिरो घर. सोलापूरसारख्या उन्हाच्या गावात हे सहज जमण्यासारखे आहे. पण आज ज्या क्रमाने आपण निघालो आहोत तो उलटा आहे. आधी तीन किलोवॉटचे पॅनेल, मग दुसरा एसी, आणि छताचा विचार कधीच नाही. अनुदान, बांधकामाचे नियम आणि वीजबिलाचा हिशोब हे तिन्ही या उलट्या क्रमाला खतपाणी घालतात. क्रम सुलटा केला तर मध्यमवर्गीय घराला निम्म्या पॅनेलात भागते आणि लहान घरकुलाला तर एका किलोवॉटवर.

छतातून किती उष्णता येते ते आकड्यात पाहू. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून जितके वॉट आत येतात त्याला यू-मूल्य म्हणतात. सहा इंची उघड्या स्लॅबचे यू-मूल्य साधारण ३.१ येते. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. मे महिन्यात स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो. आतल्या हवेशी ३० अंशांचा फरक धरला तरी एकट्या छतातून हजार वॉट आत येतात. एक टनाच्या एसीची क्षमता साडेतीन हजार वॉट. म्हणजे एसीची जवळपास तिसरा हिस्सा ताकद फक्त छताशी झुंजण्यात जाते. पश्चिमेची भिंत, खिडक्या, माणसे हे सगळे नंतर.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छत पांढरे करणे. शिमगा झाला की गच्ची घासून, धुऊन, पूर्ण वाळवून विरवलेल्या चुन्याचे दोन हात, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा बांधकामातला पांढरा गोंद. एवढ्याने भर दुपारी पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. चुना वर्षभरच टिकतो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो. परावर्तक रंग तीन-चार वर्षे जातो, पण हजार चौरस फुटांना दोन हातांसाठी ३५-४० लिटर लागतो. डबा घेताना रंगाचे नाव पाहू नये, सौर परावर्तन, म्हणजे उन्हाचा किती हिस्सा परत फेकला जातो, ते किती लिहिले आहे पाहावे; ०.६ च्या खाली असेल तर तो नुसता पांढरा रंग आहे. पापुद्रे निघतात ते बहुतेक वेळा धूळ न काढता किंवा ओल्या कोब्यावर रंग मारल्यामुळे. आणि सोलापूरची धूळ अशी की होळीला दुधासारखी असलेली गच्ची दिवाळीला मातकट होते. मार्चमध्ये एकदा झाडून-धुऊन घेतली नाही तर अर्धा फायदा गेला.

एसी वापरायचा असेल तर पांढऱ्यावर भागत नाही, स्लॅबच्या वर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर लागतो. त्यातला क्रम चुकला की सगळेच चुकते. आधी जुना तडकलेला कोबा काढायचा. मग स्लॅबवर पावसाळी पाइपाकडे ढाळ, साधारण दहा फुटाला सव्वा इंच. त्यावर वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कडेने गोलाई करून फूटभर वर चढवलेले. मग ४८ तास पाणी कोंडून परीक्षा. ती पास झाल्यावरच ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (घट्ट, पाणी न शोषणाऱ्या फोमचे) बोर्ड, सांधे एकाआड एक, त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड, मग कोंबडी जाळी घातलेला दोन इंची काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक. यू-मूल्य ३.१ वरून ०.५ च्या आसपास येते; छतातून येणारी उष्णता सहाव्या हिश्श्यावर. गवंड्याला पॅकिंगचे हलके थर्माकोल स्वस्त पडते म्हणून तो तेच आणतो. ते पायाखाली दबते, वरचा काँक्रीटचा थर तडकतो आणि पहिल्याच पावसात पाणी शिरून थर्माकोल भिजते. भिजलेले इन्सुलेशन म्हणजे इन्सुलेशन नव्हे. बोर्डाची घनता घनमीटरला ३२ किलोच्या वर हवी. दोन इंची काँक्रीटचे वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जाते, म्हणून जुना विटांचा कोबा न काढता त्यावरच नवा थर चढवू नये.

इन्सुलेशन खालून, म्हणजे फॉल्स सीलिंगमध्ये का नको, असे विचारले जाते. खालून लावले तर खोली थंड होते, पण स्लॅब तसाच भाजत राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो आणि कठड्याशी तडा देतो. वरून लावले तर स्लॅबच सावलीत येतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इन्सुलेशन रात्रीचा थंडावाही आत येऊ देत नाही. त्यामुळे रात्री दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर निववणे आणि सकाळी आठला बंद करणे ही सवय जोडीला हवी. एसी नसलेल्या घराने आधी पांढऱ्या छताचाच खर्च करावा.

पूर्व भागातल्या, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या वस्तीतल्या, पत्र्याच्या घरांचे गणित वेगळे. पत्र्याला साठवण नसते. ऊन पडले की दहा मिनिटांत तापतो आणि डोक्यावर शेकोटी पेटवल्यासारखी धग फेकतो. तिथे वरून पांढरा रंग आणि पत्र्याखाली चार इंच हवेची फट सोडून चकचकीत फॉइलचा पडदा, फटीची दोन्ही टोके उघडी ठेवून, एवढे केले तरी घरात बसवते. फॉइल पत्र्याला चिकटवली की तिचा उपयोग संपला, फट हवीच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना पॅनेलसाठी भोके पाडू नयेत. ते ठिसूळ असतात आणि त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. आणि घरात माग असेल तर त्याचे मीटर वेगळे, त्याचा हिशोब घराच्या शून्यात मिसळू नये.

जुन्या सोलापूरच्या माळवदाच्या घरांनी हे ओळखले होते. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती आणि फूटभर पांढऱ्या मातीचे छत. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत पहाट होई. पण दर पावसाळ्याआधी माती टाकून छताचे ओझे वाढत गेले, तुळया वाळवीने पोखरल्या आणि गळती कायमची मागे लागली. ती घरे पाडून लोकांनी स्लॅब टाकले यात त्यांची चूक नाही. चूक अशी झाली की मातीच्या जागी काँक्रीट आले आणि मातीने केलेले काम करायला कोणीच आले नाही.

नवे घर बांधणाऱ्याने सूर्य नीट पाहावा. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेला सरकतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापतात छत, पूर्व आणि पश्चिम. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढून काही होत नाही, कारण चारच्या पुढे सूर्य छज्जाखालून सरळ आत येतो. तिथे बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा, उभ्या पट्ट्या किंवा कडुनिंब. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात आलेली असते. जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला टाकावी. भिंत २०० मिलिमीटर एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असेल तर यू-मूल्य ०.७-०.८, नऊ इंची विटांची असेल तर दोनच्या आसपास.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या बिनब्रश मोटरचा) पंखा ३० वॉट. पाच पंखे, रोज बारा तास: रोजचे २.७ युनिट वाचतात, महिन्याला ८१. तेवढी वीज करायला पाऊण किलोवॉटचे पॅनेल लागते. कुठलाही विक्रेता हे सांगत नाही, कारण पंख्यात त्याला मिळकत नाही. शिवाय १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीवर वीज गेल्यावर जुने पाच पंखे जेमतेम अडीच-तीन तास चालतात, नवे रात्र काढतात.

कूलरचा विषय सोलापुरात पाण्याशिवाय बोलता येत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो, आणि तेही पावणेदोनशे वॉटमध्ये. पण मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात ही चैन नव्हे तर निवड आहे. बोअरचे पाणी वापरावे, पण त्यातल्या क्षारांनी जाळ्या दगडासारख्या होतात. टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करावी, त्याने क्षारही जातात आणि डासही. कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणे ही नेहमीची चूक: समोरची खिडकी उघडी नसेल तर ओल कोंडते आणि चिकचिक होते. मृगाचा पाऊस पडला की कूलर बांधून ठेवावा.

पाण्याचा दुसरा हिशोब शहराबाहेर फताटेवाडीजवळ आहे. तिथला १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणाच्याच पाण्यावर चालतो. १ जानेवारी २०१७ नंतरच्या कोळसा प्रकल्पांना केंद्राने घातलेली मर्यादा मेगावॉट-तासाला ३ घनमीटर, म्हणजे युनिटमागे ३ लिटर. ती धरली तर घरात वाचवलेली हजार युनिटे म्हणजे तीन हजार लिटर पाणी. सोलापूरकराला वीज आणि पाणी ही दोन वेगळी बिले वाटतात, धरण एकच आहे.

हे सगळे एका घरात बसवून पाहू. दोन बेडरूमचे, वरच्या मजल्यावरचे घर, पाच पंखे, एक एसी. आज: पंखे वर्षाला १३५०, एसी ६३०, जुना फ्रिज ४००, गिझर ३००, दिवे-टीव्ही ३६५, पाण्याची मोटर १५०, बाकी २५०, मिळून साधारण ३४५० युनिटे. सोलापुरात एक किलोवॉट पॅनेल वर्षाला १४०० युनिटे देते, म्हणजे अडीच किलोवॉट हवे. आता छताला इन्सुलेशन, बीएलडीसी पंखे, नवा फ्रिज आणि सौर बंब: पंखे ५४०, एसी ३००, फ्रिज २००, पाणी तापवणे ३०, दिवे-टीव्ही २५०, मोटर आणि बाकी तेवढेच. बेरीज १७२०. सव्वा किलोवॉट पुरते. त्याऐवजी दोन किलोवॉट बसवले तर हजाराहून अधिक युनिटे उरतात. त्यात रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरची २१० जातात आणि चार सिलिंडरांचा स्वयंपाक इंडक्शनवर येतो, कारण एका सिलिंडरचे काम साधारण १२० युनिटांत होते. भात, डाळ, दूध, चहा इंडक्शनवर; भाकरी जाळावरच. तव्यावरून उतरवून निखाऱ्यावर किंवा जाळावर फुगवल्याशिवाय ज्वारीची भाकरी होत नाही, आणि कडक भाकरीला तर मंद धग लागते. गॅस पूर्ण काढायचा हट्ट सोलापूरच्या स्वयंपाकघरात धरू नये.

सौर बंबाबद्दल एकच: इथल्या जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब घ्यावा. तांब्याच्या बारीक नळ्यांचा दोन-तीन वर्षांत क्षारांनी चोंदतो.

पॅनेल बसवताना जे बिघडते ते पॅनेलमध्ये क्वचितच असते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बसवणारा येतो आणि स्लॅबला ड्रिल मारतो. गळती त्या भोकांतून सुरू होते आणि मग गवंडी आणि सोलरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. पॅनेलचा सांगाडा ज्यांवर उभा राहतो ते काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यावेत आणि थर त्यांच्यावर चढवावा. सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा, जस्ताचा थर ८० मायक्रॉन. मे महिन्यातला वळीव हलक्या सांगाड्याला पतंगासारखा उचलतो. कल १५ ते १८ अंश, तोंड दक्षिणेला. डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो, म्हणजे पाच फुटी पाण्याच्या टाकीची सावली सव्वाचार फूट पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. टाकी पॅनेलच्या उत्तरेला न्यावी. ओळीतल्या एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या पॅनेलची तिसरा हिस्सा वीज जाते.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर गच्चीवर उन्हात टांगू नये, ४५-५० अंशांच्या वर तो स्वतःहून वीज कमी करतो. उत्तरेच्या भिंतीला, सावलीत. पॅनेललाही उन्हाची उष्णता मानवत नाही: प्रत्येक वाढीव अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट, म्हणून पॅनेल आणि छत यांत वारा खेळायला जागा हवी. अर्थिंग तीन वेगळी, आणि खाली काळा पाषाण लागला म्हणून दोन फुटांवर थांबू नये; पाच ओहमच्या आत रोध मोजून घ्यावा. धुण्याला बोअरचे पाणी वापरून उन्हात वाळू दिले की क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो कायमचा राहतो. पहाटे दंव असताना मऊ कुंच्याने दर पंधरवड्याला पुसणे पुरेसे आहे. आणि ग्राहकाला आधीच सांगायला हवे ते हे: बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ती तशीच बनवलेली असते.

आता धोरणाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये देते, जास्तीत जास्त ७८,०००. योजना चांगली आहे. पण ती वीज तयार करण्याला पैसे देते, वाचवण्याला एक रुपयाही नाही. त्यामुळे दोन किलोवॉटात भागणारा माणूसही तिसरा घेतो. मागणी सोपी आहे: तिसऱ्या किलोवॉटचे १८,००० ग्राहकाला हवे असल्यास छताच्या इन्सुलेशनवर किंवा पांढऱ्या छतावर खर्चू द्या. सरकारचा खर्च वाढत नाही आणि संध्याकाळची मागणी उतरते, जी पॅनेल कधीच उतरवू शकत नाही.

बांधकामाचे नियम त्याहून मागे आहेत. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने छताचे यू-मूल्य १.२ च्या आत ठेवायला सांगितले आहे. पंचवीस मिलिमीटरच्या बोर्डाने ते साधते. पण संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की गुंठेवारीतल्या वसाहती, इथली घरे एक-दीड गुंठ्यावर उभी आहेत, म्हणजे शे-दीडशे चौरस मीटर. नियम ज्यांना लागू व्हायचा ती घरे त्याच्या बाहेर. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांचे स्वतंत्र धोरण आणले. ज्या शहराचा अर्धा गोतावळा तिकडे आहे त्या सोलापूरने वापर परवाना देताना एक ओळ घातली तरी पुरे: छत पांढरे किंवा यू-मूल्य १.२ च्या आत.

तिसरी गोष्ट तारखेची. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण फक्त आर्थिक वर्षापुरती. ३१ मार्चला उरलेली युनिटे वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खाते शून्यापासून सुरू होते. सोलापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखे बंद, आकाश स्वच्छ. शिल्लक साठते ती तेव्हा. आणि ज्या उन्हाळ्यासाठी ती साठवायची, त्याच्या तोंडावर ती पुसली जाते. हिशोबाचे वर्ष ३१ ऑक्टोबरला संपवले तर हिवाळ्याची शिल्लक एप्रिल-मेला आणि पावसाळी ढगांना उपयोगी पडेल. यात कोणाला अनुदान द्यायचे नाही, फक्त तारीख हलवायची आहे.

हे सगळे बंगलेवाल्यांचे चोचले, असा आक्षेप येतो. उलट लहान घर शून्यावर आणणे सर्वांत सोपे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांसाठी आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे झाली. शेजारच्या रे नगरमध्ये तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली गेली. तीनशे चौरस फुटांचे घर, तीन मजली इमारत असे धरले तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला गच्चीचे शंभर चौरस फूट येतात. तेवढ्यात एक किलोवॉट बसते: वर्षाला १४०० युनिटे. दोन बीएलडीसी पंखे, छोटा फ्रिज, टीव्ही, दिवे, मिक्सर यांना वर्षाला साडेआठशेच्या आसपास लागतात. उरलेल्या साडेपाचशेत चार-पाच सिलिंडर वाचतात. अडचण तंत्राची नाही. गच्ची सगळ्यांची आणि भाजणारा स्लॅब फक्त वरच्या मजल्याचा. पॅनेल एका ठिकाणी आणि मीटर घरोघर. वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर त्याच स्लॅबखाली सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. म्हणून पुढच्या टप्प्याच्या निविदेत छताचे इन्सुलेशन, पॅनेलचे ठोकळे आणि सामायिक पॅनेलची वीज प्रत्येक मीटरवर वाटून वजा करण्याची सोय या तीन गोष्टी बांधकामाच्या दरातच धरायला हव्यात. स्लॅब ओतताना ठोकळा ओतायला लागते ते घमेलेभर काँक्रीट. नंतर तोच ठोकळा बसवायचा तर वॉटरप्रूफिंग फोडावे लागते.